ऑकलंड ते दोहा, साडेसात तास

पांढुर्ण्याच्या आमच्या मोहल्ल्यात कोणी वारलं की दोन माणसांना निरोप जायचा. एक बांबू आणून तिरडी बांधणारा आणि दुसरे माझे घरमालक. बांबूवाला कधीकधी दुसरीकडे अडकलेला असायचा. घरमालक मात्र कधी नाही म्हणाले नाहीत. पांढरा सदरा चढवायचा, लांबट वही बगलेत मारायची आणि त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसायचं. माती किती वाजता, ते त्यांनी सांगायचं. आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात, मग दहन असो की दफन. माती किती वाजता हे घरचे ठरवत नसत, मोहल्ल्यातले मोठे लोकही नाही. टाइमबाबू ठरवायचे.

हे नाव त्यांना लोकांनी दिलेलं होतं आणि तोंडावरसुद्धा तेच म्हणत. रेल्वेत पार्सलबाबू म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. संत्र्याच्या पेट्या दिल्लीला कधी पोचतील, हे बागायतदार त्यांना विचारूनच फळ तोडायचे म्हणे. फळ झाडावरून उतरलं की त्याचा टाइम सुरू होतो, असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर पेट्या गेल्या आणि माणसं आली, एवढाच काय तो फरक.

ओट्यावर बसले की ते तीन प्रश्न विचारायचे. यायचं कोण राहिलं आहे? निघाले कुठून? तिसरा प्रश्न ते फोन मागून घेऊन त्या वाटेवरच्या माणसालाच विचारत, चप्पल पायात आहे का? निघालो म्हणणारा माणूस निम्म्या वेळा टॉवेल गुंडाळून उभा असतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून 'निघालो' ऐकलं की ते चाळीस मिनिटं जास्त धरायचे, 'पोचलोच' ऐकलं की वीस. गाडी पंक्चर झाली म्हणणाऱ्याला एक तास मंजूर, आणि पुढे चौकशी नाही. मग वहीत प्रस्थान आणि आगमन असे दोन रकाने पाडून आकडे मांडायचे आणि उठून उभं राहून सांगायचं, "पावनेचारले तोंड. चारले उचला."

तोंड म्हणजे शेवटचं तोंड पाहणं. बाहेरगावची लेक, कामाला गेलेला भाऊ, कोणाचंही ते राहू नये, यासाठीच त्यांचा सगळा खटाटोप होता. मी एकदा त्यांना म्हटलं होतं की गेलेलं माणूस तर गेलेलंच असतं, तासाभराने काय बिघडतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेत पोरांकडे पाहते. "तोंड नाही पाह्यलं तर माणूस मरतच नाही, मॅडम," ते म्हणाले. "सालोसाल दाराकडं पाहात बसा लागते."

एकदा वेळ सांगितली की ते अर्धा तास सवलत द्यायचे. त्याच्या वर एक मिनिट नाही, मग येणारा कोणीही असो. आणि माती उठायच्या आधी ते स्वतः घरी परतलेले असायचे. त्या घरचा चहा घ्यायचे नाहीत, रडणाऱ्यांशी बोलायचे नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावात एक म्हातारी गेली होती. त्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन्ही काठांवरून दगडफेक, दगडांच्या पावसातून तिरडी न्यायची कशी? सगळे डोकं धरून बसले होते. टाइमबाबूंनी पहाटेच जाऊन सांगितलं, "सातले उचला. दगड नऊच्या आधी चालत नाहीत." नागपूरचा मुलगा येणार होता, त्याला त्यांनी फोनवर चहा प्यायलाही थांबू दिलं नाही. तो पावणेसातला आला, तोंड पाहिलं, आणि सातला माती उठली. नऊ वाजता गोटमार सुरू झाली तेव्हा टाइमबाबू घरी पोहे खात होते.

मी मूळची सौसरची. पांढुर्ण्याच्या एका शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. गाव हिंदी भाषिक राज्यात, म्हणून घरी मराठी, शाळेत हिंदी, असं आमचं सगळ्यांचंच चाललेलं असतं. एकट्या बाईला खोली द्यायला लोक फार विचार करतात. टाइमबाबूंनी जात विचारली नाही, लग्न का केलं नाही तेही विचारलं नाही. सौसरहून तुमच्या घरचं माणूस इथे यायला किती वेळ लागेल, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एक तास. बस मिळाली तर, ते म्हणाले, सव्वा धरा. आणि वरच्या खोलीची किल्ली दिली. पुढे आई गेली, भावाचा संसार वाढला आणि सौसरला माझं जाणं शनिवारवरून सणावारावर आलं. तेव्हा कधीतरी माझ्या लक्षात आलं की माझ्यासाठी सव्वा तासात निघेल असं तिथे आता कोणी उरलेलं नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही.

ते स्वतः कुठेच जात नसत. वर इटारसी, खाली नागपूर, यापलीकडे त्यांचा पाय गेला नव्हता. पण कोणत्याही गावाचं नाव घेतलं की त्यांच्या तोंडून मिनिटं निघायची. बोरगाव? पंचावन्न मिनिटं. लोधीखेडा? एक घंटा पंचवीस, आणि बस सौसरला चहाला थांबली तर दीड. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांची फार थट्टा करायच्या. लग्नात आमच्या गावाचं नाव ह्यांना आठवत नव्हतं, पण सासर अठ्ठावीस मिनिटांवर आहे एवढं पाठ होतं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. टाइमबाबू म्हणायचे, सव्वीस. काकूंच्या घरात असताना मला कधी एकटं वाटलं नाही. भाजी वर यायची, आणि भांडं परत करायला म्हणून मी खाली गेले की तासभर तिथेच बसायचे.

त्यांची एकच मुलगी. नर्सिंग शिकली आणि न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका घरात नोकरीला लागली. टाइमबाबूंकडे बटणांचा फोन, म्हणून तिचे फोटो आणि निरोप माझ्या मोबाईलवर यायचे. एका डिसेंबरात ती पहिल्यांदा सुट्टीवर येणार होती. तिने तिकीट पाठवलं. मी ते खाली नेऊन वाचून दाखवलं. ऑकलंडहून दुपारी तीनला निघणार, दोहाला रात्री साडेदहाला पोचणार, त्याच तारखेला. मग दोहाहून दुसरं विमान थेट नागपूरला.

टाइमबाबूंनी वही उघडली. आगमनातून प्रस्थान वजा केलं. "साडेसात घंटे."

काकू शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. इथून भोपाळ आणि थोडं पुढं, एवढंच? त्यांनी दोनदा विचारलं. टाइमबाबूंनी मला अंतर पाहायला सांगितलं. मोबाईलवर चौदा हजार पाचशे किलोमीटर आलं, ते त्यांनी वहीत मांडलं. लोधीखेड्याचा एक जण दोहाला ट्रक चालवायचा, त्याने दोहा ते नागपूर चार तास सांगितले होते, तेही मांडलं. दोहाला विमान बदलायला दोन, नागपूरहून घरी दोन. एकूण साडेपंधरा. ही बेरीज त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिली.

"मंग जवळच आहे की पोरगी," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या चार घरी जाऊन ते सांगितलं. मुलगी परदेशी गेल्यापासून त्यांना रात्री झोप लागत नसे. त्या दिवसानंतर लागायला लागली.

आता मला सांगायलाच हवं ते सांगते. मी सातवीला दरवर्षी रेखांश शिकवते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून पूर्वेकडच्या गावात आधी उजाडतं, हे फळ्यावर गोळा काढून शिकवते. ऑकलंडच्या घड्याळात दुपारचे तीन वाजतात तेव्हा दोहाच्या घड्याळात पहाटेचे पाच असतात. ती वजाबाकी माझ्या डोळ्यांसमोर झाली. मी पाहिली आणि शेंगा खात राहिले. मुलगी त्या डिसेंबरात आली, पंधरा दिवस राहिली, गेली. ती दारात उभी राहिली तेव्हा किती तास लागले हे मोजायचं टाइमबाबूंना सुचलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही विमानं पाहत बसायचो. पांढुर्ण्यावरून खूप विमानं जातात, उंचावरून, आवाजसुद्धा खाली येत नाही. टाइमबाबू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मिनिटं मोजायचे. विमान तासाला नऊशे किलोमीटर जातं, हे त्यांनी माझ्याकडून विचारून घेऊन त्याच वहीत लिहिलं होतं. म्हणजे सगळे आकडे एका पुठ्ठ्याच्या आत होते. भागाकार करायचाच काय तो बाकी होता.

काकू दोन वर्षांनी मार्चमध्ये गेल्या, दुपारी चार वाजता. संत्रं सोलत होत्या. अर्धं ताटलीत तसंच राहिलं.

टाइमबाबूंनी पांढरा सदरा घातला, वही घेतली आणि आपल्याच घराच्या ओट्यावर जाऊन बसले. लोक भोवती जमले. त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला घरचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत होते. यायचं कोण राहिलं? पोरगी. निघाली कुठून? मग त्यांनी माझा फोन मागितला आणि रडणाऱ्या मुलीला विचारलं, "चप्पल पायात आहे का?" ती म्हणाली, "बूट आहेत बाबा." त्यांनी मान हलवली. रात्री बाराच्या सुमारास तिचा फोन आला, की विमानात बसले, आता फोन बंद करायला लावून राहिले. टाइमबाबूंनी प्रस्थानाच्या रकान्यात बारा लिहिलं आणि त्यात साडेपंधरा मिळवले. उद्या दुपारी साडेतीनला घरी. खोट्याची चाळीस मिनिटं त्यांनी तिच्यासाठी धरली नाहीत.

"साडेतीनले तोंड," त्यांनी सांगितलं. "चारले उचला."

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, त्यांचं पाणी उंबऱ्यावरून बाहेर ओट्यावर येत होतं. सकाळी साडेसातला ती दोहाला उतरायला हवी होती, फोन आला नाही. दीडला नागपूरला उतरायला हवी होती, तेव्हाही नाही. मी लावत राहिले, तिचा फोन बंद. चार वाजले. साडेचार वाजले. वरुडहून, काटोलहून आलेले पाहुणे शेवटच्या बसबद्दल बोलू लागले. वंदना म्हणायला आलेले भंतेजी शांत बसून होते, पण तेही एकदा दाराकडे पाहून आले. पाच वाजले तेव्हा मोहल्ल्यातले दोन म्हातारे टाइमबाबूंजवळ जाऊन उभे राहिले.

मी त्यांना म्हटलं, काका, थांबू या, विमान उशिरा असेल, उद्या सकाळी करू. ते घड्याळाकडे पाहत होते.

"सगळ्यायले अर्धा घंटा देतो मी," ते म्हणाले. "घरचं म्हनून एक देल्ला. आता आनखी कुठून देऊ? ज्यायले लेकरायसाठी मी थांबू नाही देल्लं, ते सगळे इथीच उभे आहेत."

सव्वापाचला ते उठले आणि म्हणाले, उचला. कुणाच्या मातीसोबत ते पहिल्यांदाच चालत गेले. फाटकाशी वळून त्यांनी मला थांबायला सांगितलं, मुलगी आली तर दार उघडं असावं म्हणून. बायासुद्धा सगळ्या गेल्या. घरात मी एकटी, एक मेणबत्ती आणि ओला उंबरठा.

पावणेसहाला फोन वाजला.

"ताई, दोहाले उतरली मी. आत्ताच. आईले ठेवलं ना?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रात्रीच्या बारापासून बोटांवर मोजलं. दोन वर्षांपूर्वी जे मोजायला हवं होतं ते तेव्हा मोजलं. साडेसतरा तास.  तू ये, एवढंच मी म्हटलं, आणि ती समजली.

ती आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत राहिली. रोज सकाळी नदीकाठी जिथे माती झाली त्या जागेवर जाऊन बसायची. वडिलांशी ती एकच वाक्य बोलली, जाण्याच्या दिवशी, बॅग उचलताना. "गावातल्या सगळ्यायच्या लेकरायसाठी थांबले बाबा तुम्ही. माह्यासाठी नाही थांबले."  मी बोलायला तोंड उघडलं तर टाइमबाबूंनी हाताने मला गप्प केलं.

ती गेल्यावर ते माझा जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. वही माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं की चौदा हजार पाचशे भागिले साडेसात किती होतात. मी म्हटलं, एकोणीसशे तेहतीस. आणि विमान किती चालतं? नऊशे. त्यांनी मान हलवली. आमच्या रेल्वेत एकच घड्याळ, ते म्हणाले, गुवाहाटीपासून द्वारकेपर्यंत एकच. पण ते काही कारण नाही. मालगाडीच्या ड्रायव्हरने तासाला दोनशे चालवली असं सांगितलं असतं तर मी त्याला ऑफिसातून हाकलून दिलं असतं.

मग तेव्हा का नाही भागून पाहिलं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमची काकू खुश झाली होती, मॅडम," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी आजच तिला फोन करते, चूक होती म्हणून सांगते, माझीही होती. ते एकदम कडक झाले. चूक म्हटलं तर ती माफ करून टाकेल, ते म्हणाले, आणि मग आईचं तोंड गेलं त्याचं तिने करायचं काय? "तिले रागावाले कोनी पाह्यजे ना. मी आहे." मी फारसं न भांडता कबूल झाले. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची लाज अजून वाटते.

त्यानंतर त्यांनी कोणाच्या मातीची वेळ सांगितली नाही. सुरुवातीला लोक आले, त्यांना ते ओट्यावरूनच परत पाठवत. माझ्यापाशी आता टाइम नाही, म्हणत. मग लोक यायचे बंद झाले. आता कोण कुठवर आलं ते मोबाईलवर ठिपक्यासारखं दिसतं, त्याला वही कशाला लागते? मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून ठेवलं, तिथली कातडी कितीतरी दिवस पांढरी दिसत होती. दिवसभर ते ओट्यावर बसून असत आणि कोणी बोललं तर हूं म्हणत. मुलीचा फोन महिन्यातून एकदा यायचा, तोही मला. बाबा जेवतात का, झोपतात का. फोन देऊ का म्हटलं की तिला ड्युटीवर जायचं असायचं. फोन आला होता असं मी त्यांना सांगायचे, तेव्हा ते फक्त विचारत, किती मिनिटं बोलली.

एक मात्र सुरू झालं. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की जिन्याखाली ते उभे असायचे.

"मॅडम, ऑकलंड ते दोहा किती?"

"साडेसतरा तास, काका."

"हं," म्हणून ते आत जायचे.

सुरुवातीला माझा जीव जायचा. वाटायचं, हा म्हातारा मला टोचतो आहे. एकदा मी चिडून म्हटलंही, की पाठ आहे ना तुम्हाला, मग कशाला विचारता. तर म्हणाले, स्वतःच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटत नाही. मग मला सवय झाली. पुढे पुढे तर कधी बस चुकून उशीर झाला आणि ते जिन्याखाली नसले, तर मीच दार वाजवून साडेसतरा म्हणून यायचे. दोघांच्या घरात मिळून दिवसभराचं बोलणं ते तेवढंच. पण तेवढं तरी होतं. सुट्टीत सौसरला गेले की संध्याकाळी मला काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं.

अशी दोन वर्षं गेली. जानेवारीत एका सकाळी नळ आला तरी त्यांची बादली बाहेर आली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. ते पलंगावर कुशीवर झोपलेले होते, आणि पहाटेच गेले असावेत. टेबलावर वही होती, शेवटच्या पानावर उघडून ठेवलेली, वर चष्मा ठेवलेला. चांगल्या अक्षरात लिहिलं होतं, माझी माती तीन तासांच्या आत करावी. कोणासाठी थांबू नये. पोरीला नंतर कळवावे.

मी आधी मुलीला फोन लावला, मग शेजाऱ्यांना हाक मारली.

 तिने विचारलं, माती किती वाजता आहे. उत्तर आधीच माहीत असल्यासारखा तिचा आवाज होता. मी तिला म्हटलं, जे पहिलं विमान मिळेल त्यात बस, आणि बसलीस की सांग. दुपारी बाराला तिचा फोन आला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, बूट पायात आहेत ना?

तोवर ओट्यासमोर लोक जमले होते. जवळचं असं कोणी नाही, दुपारी उरकून टाकू, असं बोलणं चाललं होतं. बांबू आला होता. मी आत जाऊन वही आणली आणि टाइमबाबू बसायचे त्या जागेवर जाऊन बसले. आयुष्यात कधी इतक्या पुरुषांसमोर अशी बसले नव्हते. बारात साडेसतरा मिळवले, दोन मिळवले, चार मिळवले, दोन मिळवले. तीनदा पडताळून पाहिलं. भागाकारही केला.

टाइमबाबूंनी वेळ लिहून ठेवली आहे, मी म्हटलं.  शेवटचं पान उघडून त्यावर बोट ठेवून मी वाचल्यासारखं केलं. उद्या दुपारी दीडला तोंड, दोनला उचला.

कोणीतरी म्हणालं की फार वेळ होतो. पण दाराशी उभा असलेला एक म्हातारा, ज्याच्या भावासाठी टाइमबाबूंनी एकदा पाच मिनिटंही थांबू दिलं नव्हतं, तो म्हणाला, त्यांनी लिहिलं असेल तर बरोबरच असणार. मग सौसरहून थंड पेटी मागवली गेली. ते पान मी रात्री फाडून पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक चाळीसला टॅक्सी फाटकाशी थांबली. सावनेरला दहा मिनिटं गेली, असं ती उतरता उतरताच सांगू लागली, जणू तिला कोणी जाब विचारणार होतं. मग तिने दारातून आत पाहिलं. ती जाऊन त्यांच्या उशाशी बसली. कितीतरी वेळ तोंडाकडे पाहत राहिली.

मी वहीचा पुठ्ठा उघडून तिच्या पुढे धरला. आता कबूल केलेलं पाळायची माझी तयारी नव्हती. तिने वाचलं. ज्या रस्त्याने ती आत्ता आली होती त्याची बेरीज होती ती.

"साडेसात? साडेसात कोनी सांगितलं यायले?"

"तिकीट मी वाचलं," मी म्हटलं. "त्यांनी वजाबाकी केली. मी बघत होते."

मग सगळं सांगितलं. काकू शेजारी सांगत फिरल्या ते, एकोणीसशे तेहतीस ते, तिला रागावायला कोणीतरी हवं म्हणून गप्प राहायचं ठरलं ते. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही मिटून मांडीवर ठेवली आणि त्यांच्या मनगटावरून, घड्याळाच्या जागेवरून, अंगठा फिरवत राहिली.

"मंग आता?" तिने विचारलं. "आता थांबा म्हणाले होते का बाबा?"

पर्स माझ्या काखेतच होती.

"हो," मी म्हटलं. "थांबा म्हणाले होते."

ती तेव्हा रडली, मोठ्याने, दोन वर्षांचं. बाहेर दोन वाजले. लोक उठून उभे राहिले आणि दारातून माझ्याकडे पाहू लागले, कारण वेळ झाली म्हणून सांगणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं. मी हात वर करून अर्धा तास दिला. तो संपला तेव्हा आणखी अर्धा दिला.